निरीक्षकांचा डावा पाय

पहिल्यांदा पडले तेव्हा निरीक्षक पूर्णपणे थांबलेले होते. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे सोसायटीत या पडण्याच्या चार-पाच आवृत्त्या फिरल्या आणि त्यातल्या एकीत ते उतारावरून भरधाव येत होते. तसलं काही नव्हतं. सिग्नल लाल झाला, त्यांनी नियमाप्रमाणे ब्रेक दाबला, सायकल नियमाप्रमाणे पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे थांबली, आणि मग शेजारी उभ्या असलेल्या भरगच्च बसच्या साक्षीने ते सावकाश डावीकडे कलू लागले. डावा पाय खाली टेकवायला हवा हे डोक्याला कळत होतं. डोक्याने तसं पायाला कळवलंही. पण पाय पेडलने धरून ठेवला होता. एखादं लाकडी कपाट कलंडावं तसे, कुठेही न वाकता, ते सायकलीसकट आडवे झाले.

बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली. "काका, लागलं का?"

"नाही," निरीक्षक रस्त्यावरूनच म्हणाले, "सिग्नलला थांबलोय."

या सगळ्याच्या मुळाशी होतं क्लिपलेस पेडल. क्लिपलेस म्हणजे ज्याला क्लिप नाही ते. प्रत्यक्षात या पेडलला क्लिपशिवाय दुसरं काहीही नसतं. बुटाच्या तळव्याला दोन स्क्रूंनी धातूचा एक चपटा तुकडा बसवतात. तो पेडलमध्ये दाबला की कट्कन आवाज येतो आणि माणूस सायकलीला जखडला जातो. सुटायचं असेल तेव्हा टाच झटक्याने बाहेर वळवायची. बस, एवढंच. सायकलच्या दुकानदाराने हे त्यांच्याकडून दुकानात, भिंतीला हात टेकवून, सात वेळा करून घेतलं होतं आणि सातही वेळा त्यांना ते जमलं होतं. दुकानात भिंत होती, सिग्नलला नव्हती.

"साध्या पेडलवर तुम्ही नुसतं खाली दाबता," दुकानदार म्हणाला होता. "वर येणारा पाय फुकटचा प्रवासी. अर्धी ताकद वाया जाते, साहेब."

वाया जाणं हा शब्द निरीक्षकांना सहन होत नसे. निम्मा घासलेला साबण ते नव्या साबणाला चिकटवून वापरत. सहा महिने आपण ऑफिसला सायकलने जातोय आणि आपला प्रत्येक पाय अर्धा वेळ काही न करता बसून राहतोय, हे कळल्यावर त्यांना रात्रभर चैन पडलं नाही.

ते सरकारी उद्वाहन निरीक्षक होते. उद्वाहन म्हणजे लिफ्ट. खात्याला लिफ्ट हा शब्द हलका वाटतो. अठ्ठावीस वर्षं ते इमारतींमधून फिरून, दोर, ब्रेक आणि दारं तपासून, अमुक इमारतीची लिफ्ट जिथे थांबायला हवी तिथेच थांबते, असा दाखला देत आले होते. थांबणं हा त्यांचा विषयच होता. त्या विषयावर त्यांनी खात्याच्या प्रशिक्षणात दोन तासांचं व्याख्यान दिलं होतं, आणि ते स्वतः वेळेवर थांबले नव्हते म्हणून ते अडीच तास चाललं होतं.

घरी आले तेव्हा कोपर सोललेलं, पॅंटला डाव्या बाजूने मातीचा पट्टा. बायको एका शाळेत ग्रंथपाल होती. इतर बायकांचा आवाज चिडल्यावर चढतो, तिचा खाली उतरे. तिने कोपर धुऊन औषध लावलं आणि जवळजवळ ओठांतल्या ओठांत म्हणाली, "चिकटायचंच होतं तर खुर्चीला चिकटायचं. घरातली खुर्ची काय वाईट आहे?"

खरी पंचाईत बायकोची नव्हती. बाल्कनीतल्या आरामखुर्चीत सासरे बसलेले होते. सासरे निवृत्त पोस्टमन. चाळीस वर्षं त्यांनी सायकलवरून टपाल वाटलं होतं, आणि कमी बोलणं हा त्यांचा स्वभाव इतका पक्का होता की लोकांची पत्रं पोचवता पोचवता स्वतःचे शब्दही ते त्यांतच देऊन आले असावेत. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पाच आठवडे ते लेकीकडे होते. त्यांनी जावयाच्या कोपराकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, पुन्हा कोपराकडे पाहिलं आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. निरीक्षकांना ते पान फार लागलं.

सासऱ्यांचंही एक प्रकरण होतंच. व्यायाम शिकवायला दिवसाआड एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. ती म्हणायची, आजोबा, जिना उतरायला लागा, नाहीतर गुडघा आखडून बसेल. आजोबा म्हणायचे, उद्या. पाच आठवड्यांत त्यांनी फ्लॅटचा उंबरठा ओलांडला नव्हता. लिफ्टने तरी खाली न्यावं, तर लिफ्टला सील. महिन्यापूर्वी ती प्रत्येक मजल्यावर चार बोटं वर थांबायला लागली. दुसरा कुणी असता तर त्याने पाय जरा जपून टाकला असता. निरीक्षकांनी रविवारी सकाळी घरच्या लेंग्यात, पण खात्याची अधिकृत पट्टी घेऊन मोजमाप केलं आणि सोमवारी स्वतःच्याच इमारतीच्या लिफ्टला सील ठोकलं. तेव्हापासून सोसायटीचे सेक्रेटरी त्यांच्याशी फक्त लेखी बोलत.

त्यामुळे सरावासाठी जागा मिळवणं सोपं नव्हतं. रस्त्यावर पुन्हा पडायची निरीक्षकांची तयारी नव्हती. सोसायटीच्या मधोमध बाग होती आणि बागेभोवती गोल रस्ता. तिथे रोज थोडा वेळ सायकल चालवू द्यावी असा अर्ज त्यांनी केला. उलट विचारणा आली की ही सायकल वाहन म्हणून चालवणार की क्रीडासाहित्य म्हणून. वाहन असेल तर वेगमर्यादा लागू होते. क्रीडासाहित्य असेल तर ते क्लबहाउसच्या बाहेर नेता येत नाही. निरीक्षकांनी लिहिलं, वाहन. उत्तर आलं, मग बागेभोवती विनाकारण फिरता येणार नाही; वाहनाला जाण्याचं ठिकाण असावं लागतं. निरीक्षकांना मनातून या उत्तराचं कौतुक वाटलं. असं उत्तर त्यांना स्वतःला सुचायला आवडलं असतं. शेवटी सकाळी सात ते साडेसात, "स्वतःच्या जबाबदारीवर आणि आवाज न करता", अशी परवानगी मिळाली.

आवाज होतच होता. तीन सकाळी मिळून निरीक्षक आठ वेळा पडले, आणि आठही वेळा डाव्या बाजूला. खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना असलेल्या डॉक्टरीणबाईंनी खिडकीतून सल्ला दिला की शरीर सैल सोडा, घाबरून आवळून घेतलं की जास्त दुखतं. सैल सोडल्यावर निरीक्षक जास्त लवकर पडले. चौथ्या दिवशी मात्र टाच वळली, बूट सुटला, पाय टेकला. त्यांनी हळूच वर पाहिलं. सासरे नेमके चष्मा पुसत होते.

शनिवारी सुट्टी होती. आत्मविश्वास आला होता म्हणून निरीक्षक पहाटेच लांबच्या फेरीला बाहेर पडले. रस्ता मोकळा, हवा गार, दोन्ही पाय पूर्णवेळ कामावर. सायकल अशी पळत होती की दुकानदाराचं म्हणणं त्यांना मनापासून पटलं. परतीच्या वाटेवर पाणी प्यावं म्हणून त्यांनी वेग कमी केला आणि डावी टाच बाहेर वळवली. बूट वळला. पाय सुटला नाही. पुन्हा वळवली. बूट आणखी वळला. तळव्याच्या दोन स्क्रूंपैकी एक वाटेत कुठेतरी गळून पडला होता, आणि उरलेल्या एका स्क्रूभोवती बूट आता दाराच्या कडीसारखा नुसता फिरत होता. धातूचा तुकडा मात्र पेडलमध्ये ठाम बसून होता.

उजवा पाय सुटत होता. कुणीही म्हणेल, मग उजवीकडे टेकायचं. निरीक्षकांनीही स्वतःला तेच सांगितलं. पण त्यांच्या अंगाला थांबणं म्हणजे डावीकडे कलणं एवढंच ठाऊक होतं, आणि चार दिवसांची ती शिकवण ऐन वेळी मोडायला अंग तयार होईना. दोनदा त्यांनी उजवा पाय सोडवला, दोन्ही वेळा सायकल डावीकडे झुकली, दोन्ही वेळा त्यांनी घाबरून पुन्हा पेडल मारलं. वाटेत तीन सिग्नल लाल लागले. थांबता येत नव्हतं आणि सिग्नल तोडणं तत्त्वात बसत नव्हतं, म्हणून तिन्ही वेळा ते मोकळ्या डाव्या वळणाने वळले. असं वळत वळत, बाजार, पाण्याची टाकी आणि मुलींची शाळा यांना प्रदक्षिणा घालून, दहाच्या सुमाराला ते सोसायटीच्या फाटकातून आत शिरले.

बेत असा होता की कुंपणाच्या भिंतीला हात टेकवून थांबायचं, दुकानातल्यासारखं. पण शनिवार असल्यामुळे भिंतीलगत सगळ्यांच्या गाड्या उभ्या होत्या. निरीक्षक बागेला वळसा घालू लागले. सेक्रेटरी सूचनाफलकावर काहीतरी लावत होते.

"पाय अडकलाय," त्यांच्याजवळून जाताना निरीक्षक म्हणाले.

पुढची फेरी यायला मिनिटभर लागलं. सेक्रेटरी टाचणी हातात धरून उभेच होते. "कुठे?"

"पेडलमध्ये."

तिसऱ्या फेरीला सेक्रेटरी म्हणाले, "मग थांबा ना."

"तेच येत नाही," निरीक्षक म्हणाले आणि बागेपलीकडे गेले.

चौथ्या फेरीपर्यंत सेक्रेटरींना विषयाचं गांभीर्य कळलं होतं. "तुमची परवानगी साडेसातपर्यंतची आहे," ते म्हणाले. पाचव्या फेरीला त्यांनी वाक्य पूर्ण केलं, "आत्ता दहा वाजून गेलेत."

डॉक्टरीणबाई ॲप्रन घातलेल्याच बाहेर आल्या. सवयीने त्यांनी विचारलं, "नक्की कुठे होतंय ते बोटाने दाखवा." निरीक्षकांनी बोट दाखवायला हॅंडलवरचा हात उचलला, सायकल गुलाबाच्या ताटव्याकडे वळली, आणि ती सावरेपर्यंत बाई मागे राहिल्या. एव्हाना बाल्कन्या भरल्या होत्या. कुणी म्हणालं, हवा सोडा. कुणी म्हणालं, झाडावर घाला. कुणीतरी अग्निशमन दलाला फोन लावला. तिकडून विचारलं, माणूस कितव्या मजल्यावर अडकलाय, आणि तळमजल्यावर, चालू सायकलवर, असं सांगितल्यावर फोन ठेवला गेला.

बायको धावत खाली आली. ती इतकी चिडली होती की तिचं एक अक्षरही ऐकू येईना. निरीक्षक दर फेरीला "काय?" विचारत आणि ती दर फेरीला आणखी हळू बोले. अखेर तिने बोलणं सोडून काम हातात घेतलं. वर जाऊन तिने दिवाणावरची गादी ओढत आणली आणि रस्त्यावर अंथरली. "यावर पडा," हे मात्र स्पष्ट ऐकू आलं.

निरीक्षकांनी गादीवर पडण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. पण सिग्नलला अभावितपणे आडवा होणारा माणूस ठरवून आडवा होऊ शकत नाही, असं दिसून आलं. चार वेळा ते गादीशेजारून तोल सांभाळत निघून गेले. मग सेक्रेटरींनी वैर विसरून बाह्या सरसावल्या. मागून सीट धरून अडवतो म्हणाले, आणि अर्धी फेरी सायकलीमागे धावून गादीवर जाऊन बसले. निरीक्षकांच्या मांड्या भरून आल्या होत्या. पाणी पिऊन चार तास झाले होते. इतक्या लोकांच्या देखत आपण कधीतरी दमून, आपोआप पडणार आहोत, हे त्यांना दिसत होतं, आणि त्या क्षणी बाल्कनीत कोण बसलेलं असेल तेही दिसत होतं. त्यांनी वर बघायचं टाळलं.

पुढच्या फेरीला जिन्याच्या तोंडाशी एक आवाज आला. रजिस्टर पत्र आलंय, सही करा, अशा सुरातला.

"जावईबापू, बूट काढा."

निरीक्षक पंधरा-वीस फूट पुढे गेले तेव्हा शब्द पोचले आणि अर्धी फेरी झाली तेव्हा अर्थ पोचला. अडकला होता बूट. पाय बुटात होता, आणि बुटाला दोन पट्ट्या होत्या. त्यांनी वाकून एक पट्टी ओढली, मग दुसरी, आणि पाय बाहेर घेतला. जिन्यासमोर येऊन त्यांनी ब्रेक दाबला आणि मोजा घातलेला डावा पाय जमिनीवर अलगद टेकवला. बूट पेडलला लटकत राहिला.

आपणही आत्ता हेच सुचवणार होतो, असा चेहरा जमलेल्या प्रत्येकाने करून ठेवला होता. निरीक्षकांच्या बायकोचं मात्र बुटाकडे लक्षच नव्हतं. ती वडिलांकडे बघत होती. एका हातात काठी, दुसरा हात कठड्यावर, पायांत घरातल्या सपाता.

"बाबा, तुम्ही खाली कसे आलात?"

"जिन्याने," सासरे म्हणाले. "लिफ्ट बंद आहे ना."

मग ते काठीवर जरा जास्त रेलले. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची आणली, कुणी चहा आणला, आणि छत्तीस पायऱ्या उतरलेला तो माणूस बागेतल्या सावलीत दुपारपर्यंत बसून राहिला. वर जायचं नाव काढेना. निरीक्षक एका पायात बूट घालून शेजारी बसले.

"वरून ओरडलो होतो," सासरे चहाचा कप खाली ठेवत म्हणाले. "ऐकू गेलं नाही तुम्हाला."

"किती वेळा ओरडलात?"

"सहा फेऱ्या. मग म्हटलं, जाऊन सांगावं. पत्त्यावर जाऊन सांगितलं की पोचतं."

संध्याकाळी निरीक्षकांनी दुकानदाराकडून नवे स्क्रू घट्ट बसवून घेतले. सोमवारी पहाटे सहाला ते सायकल बाहेर काढत होते तेव्हा सासरे स्वेटर घालून, काठी घेऊन दारात उभे होते. "चला," एवढंच म्हणाले. चौकापलीकडच्या मोकळ्या मैदानापर्यंत जायला दोघांना पाऊण तास लागला. साडेसातला फिजिओथेरपिस्ट मुलगी आली तेव्हा पेशंट घरात नव्हता. तिने तीनदा खोल्या बघितल्या, आणि मग बायकोने तिला चहा दिला आणि स्वतः तोंड फिरवून खिडकीशी जरा वेळ उभी राहिली.

मैदानावर सासरे दगडावर बसत आणि काठीने जमिनीवर रेघ मारत. रेघेवर थांबायचं, उजवा पाय टेकून. मग डावा. बोलणं नेमकंच. "टाच आधी. ब्रेक नंतर." "चाकाकडे बघू नका, पुढे बघा." निरीक्षक पहिल्या दिवशी दोनदा पडले. दुसऱ्यांदा पडले तेव्हा सासरे एकदम उठून चार पावलं आले आणि मध्येच उभे राहिले.

"खूप लागतं का हो?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या आवाजात चौकशी नव्हती, भीती होती. निरीक्षक मातीतच बसून राहिले. त्यांच्या एकदम लक्षात आलं की पाच आठवडे हा माणूस गुडघ्यामुळे खुर्चीत बसलेला नव्हता.

"चाळीस वर्षांत मी एकदाही पडलो नाही," सासरे म्हणाले. "सवयच नाही पडायची. आता पडलो तर कसं असतं तेच ठाऊक नाही."

या एका विषयात सासऱ्यांपेक्षा आपला अनुभव मोठा आहे, हे निरीक्षकांना जाणवलं. त्यांनी प्रश्न प्रशिक्षणवर्गातल्यासारखाच गंभीरपणे घेतला. "आधी वाटतं तेवढं नाही लागत, बाबा. कोपर दोन दिवस चुरचुरतं. लाज मात्र जबरदस्त लागते. पण तीही अर्ध्या तासात उतरते. बसमधले लोक असतील तर सिग्नल हिरवा होईपर्यंतच."

सासऱ्यांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली. येताना त्यांनी चौक पाच मिनिटं लवकर ओलांडला.

पुढच्या रविवारपर्यंत निरीक्षक रेघेवर तेरा वेळा, दोन्ही पायांनी, न पडता थांबले. सासऱ्यांनी काठीने रेघ पुसली. "झालं," ते म्हणाले. "घरी चला."

घरी येताना निरीक्षक सायकलवर हळूहळू आणि सासरे शेजारून चालत, असे दोघं फाटकाशी आले. रविवारची सकाळ, सगळी सोसायटी फाटकाशी. सेक्रेटरी, डॉक्टरीणबाई, दूध घ्यायला आलेले, वर्तमानपत्र घ्यायला आलेले, आणि काहीही घ्यायला न आलेले. निरीक्षकांनी ठरवलं की आज सगळ्यांसमोर असं थांबायचं की विषय कायमचा मिटावा. त्यांनी पाठ ताठ केली. टाच वळवली, उजवा बूट सुरेख सुटला, तसाच डावाही सुटला, ब्रेक लागला, सायकल फाटकाच्या रेघेवर तंतोतंत थांबली. समाधानाने त्यांनी सभोवार पाहिलं. दोन्ही पाय सुटलेले होते. त्यांपैकी एक जमिनीवर टेकवायचा असतो, तेवढं राहून गेलं.

ते सावकाश उजवीकडे कलले आणि आडवे झाले.

कुणी हसायच्या आत सासरे दोन पावलं पुढे झाले. काठी टेकवून ते लोकांकडे वळले आणि चाळीस वर्षांच्या नोकरीचं सगळं वजन आवाजात आणून म्हणाले, "उतरताना असंच उतरतात."

सेक्रेटरींनी निरीक्षकांकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे पाहिलं, आणि मान डोलावली. फाटकातून त्यांना वाट करून देण्यात आली.